पॉइंट टू-टू रायफल : निवड आणि विवेक



पॅरिस ऑलिंपिकमधील नेमबाजीच्या स्पर्धा शातोरू येथे झाल्या. त्या मैदानावर १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे सुपुत्र स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले. या प्रकारात भारताला लाभलेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या या खेळाडूने गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून ज्या गोळ्या झाडल्या, त्यांतील प्रत्येक गोळीचे वजन जेमतेम अडीच ग्रॅमच्या आसपास होते. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे त्या काडतुसाचे नाव.

असे यश गावात पोहोचले म्हणजे त्याच्यामागोमाग काही प्रश्नही पोहोचतात. "मुलाला रायफल घेऊन द्यायची आहे, कोणती घ्यावी?" असे पालक क्रीडाशिक्षकास विचारतात. "परवान्यासाठी शिफारस हवी" म्हणून कोणी सरपंचांकडे येतो. "याच रायफलीने शेतातली डुकरे हाकलता येतील काय?" अशी शंका कोणी ग्रामसभेत काढतो. या तिन्ही प्रश्नांना उत्तर देण्यासाठी शस्त्रास्त्रांचे तज्ज्ञ असण्याची गरज नाही. रायफल कोणती, हे ठरविण्यापूर्वी ती कशासाठी, हे ठरवावे लागते, एवढे एक सूत्र ध्यानी ठेवले तर पुढची वाट सोपी होते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू हे सूत्र उलगडून दाखविणे हा आहे.

रिमफायर म्हणजे काय?

बंदुकीच्या काडतुसात चार घटक असतात : पुढे गोळी, तिला धरून ठेवणारी धातूची पुंगळी, पुंगळीतील दारू आणि त्या दारूला ठिणगी देणारे संवेदनशील द्रव्य. मोठ्या रायफलींच्या काडतुसात हे द्रव्य बुडाच्या मध्यभागी एका छोट्या टोपीत बसविलेले असते. रिमफायर काडतुसात मात्र ते बुडाच्या बाहेर आलेल्या गोल कडेच्या आत पसरलेले असते. चाप ओढताच रायफलीतील पिन त्या कडेवर आदळते, कड दबते, ठिणगी पडते आणि गोळी सुटते.

या रचनेचा गुण आणि मर्यादा एकाच गोष्टीत आहेत. पिनच्या आघाताने कड दबावी, यासाठी पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्र्यामुळे काडतूस स्वस्त आणि सुटसुटीत होते. पण त्यात फार मोठा दाब निर्माण करता येत नाही. म्हणूनच रिमफायर काडतुसे लहानच राहिली. शिवाय एकदा उडालेली पुंगळी पुन्हा भरून वापरता येत नाही.

या काडतुसांचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे. फ्रान्समधील फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास घरातल्या घरात नेमबाजी करण्यासाठी असे काडतूस बनविले. अमेरिकेत १८५७ मध्ये पॉइंट टू-टू शॉर्ट आले आणि १८८७ मध्ये त्याच घराण्यातील पॉइंट टू-टू लाँग रायफल अवतरले. १९५९ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्याहून लांब व जोरकस असे पॉइंट टू-टू मॅग्नम काढले. याच मॅग्नमच्या पुंगळीचे तोंड आवळून हॉर्नडी कंपनीने २००२ मध्ये पॉइंट सेव्हन्टीन एच. एम. आर. हे काडतूस बाजारात आणले. आज जगभर रिमफायर रायफलीची निवड करताना मुख्यतः या तीन काडतुसांची तुलना होते.

तिघांची तुलना

यांतील पहिले दोन आकडे इंचाचे शंभरावे भाग दर्शवितात. पॉइंट टू-टू म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाची गोळी. पॉइंट सेव्हन्टीन म्हणजे सुमारे ४.४ मिलिमीटर.

लाँग रायफलची नेहमीची गोळी २.६ ग्रॅमची असते. स्पर्धेच्या काडतुसात ती नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने बाहेर पडते. वेगवान प्रकारच्या काडतुसात हा वेग ३८० मीटरच्या घरात जातो. मॅग्नमची गोळी बहुधा तेवढ्याच वजनाची असते, पण तिचा वेग सुमारे ५७० मीटर असतो. पॉइंट सेव्हन्टीनची गोळी अवघी १.१ ग्रॅमची, परंतु वेग ७७५ मीटरच्या जवळपास. आघाताच्या शक्तीच्या दृष्टीने पाहता लाँग रायफल सर्वांत दुबळे, पॉइंट सेव्हन्टीन मधले आणि मॅग्नम सर्वांत बलवान ठरते.

वेगाचा परिणाम गोळीच्या मार्गावर होतो. लाँग रायफलने पन्नास मीटरवर नेम जुळवून ठेवला, तर शंभर मीटरवर तीच गोळी पंधरा ते वीस सेंटीमीटर खाली लागते. पॉइंट सेव्हन्टीनने शंभर मीटरवर नेम जुळविला, तर दीडशे मीटरवरही गोळी दहा सेंटीमीटरहून कमीच खाली उतरते. हे आकडे पाहून नवख्या माणसाला साहजिकच वाटते, की जास्त वेगाची, जास्त सरळ जाणारी रायफल तीच उत्तम. निवडीतील पहिली चूक येथेच होते.

लक्ष्यभेदासाठी मंद गोळीच का?

पन्नास मीटरच्या स्पर्धेत लक्ष्याच्या केंद्रातील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. शर्टाच्या लहानशा गुंडीएवढे ते लक्ष्य. एवढ्या अंतरावर एवढे लहान लक्ष्य पुनःपुन्हा वेधावयाचे, तर गोळी जोरकस असण्यापेक्षा प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी असणे अगत्याचे ठरते.

येथे ध्वनीच्या वेगाचा संबंध येतो. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. गोळीचा वेग या मर्यादेच्या वरून खाली उतरतो तेव्हा तिच्याभोवतीची हवा विस्कळीत होते आणि गोळीचा मार्ग किंचित हलतो. स्पर्धेची काडतुसे मुद्दामच ध्वनीपेक्षा मंद ठेवलेली असतात. त्यांच्या गोळीला ती मर्यादा ओलांडावीच लागत नाही. आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्यास नवल वाटेल अशी आहे. आडव्या वाऱ्यात वेगवान लाँग रायफलची गोळी मंद गोळीपेक्षा अधिक वाहवते. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो, तेथे वेगवान गोळी आपला वेग भराभर गमावते, आणि वारा गोळीला किती ढकलणार हे अशा गमावलेल्या वेगावर अवलंबून असते.

मंद काडतुसाचे इतर लाभही आहेत. धक्का जवळजवळ जाणवत नाही. त्यामुळे नवशिक्याच्या मनात चाप ओढताना भीती बसत नाही. आवाज कमी होतो. नळी दीर्घकाळ टिकते. मुख्य म्हणजे काडतूस तुलनेने स्वस्त असते. आणि नेमबाजी हा हजारो गोळ्यांच्या सरावाचा खेळ आहे. तांब्याचे आवरण असलेल्या गोळीचे मॅग्नम किंवा पॉइंट सेव्हन्टीन त्या मानाने महाग पडते.

शेवटी नियमांचा विचार. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पन्नास मीटर रायफल प्रकारात पॉइंट टू-टू लाँग रायफल हेच रिमफायर काडतूस चालते, आणि गोळी शिशाची अथवा तत्सम मऊ द्रव्याची असावी लागते. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले, तेही याच काडतुसावर. ज्या पालकाने वेगाच्या मोहाने दुसऱ्या काडतुसाची रायफल घेतली, त्याच्या पाल्याला या स्पर्धेत उभेच राहता येणार नाही.

लाँग रायफल हे ठरल्यावरही एक निवड उरते, ती काडतुसाच्या बनावटीची. ब्रिटनमधील ईली, जर्मनीतील आर. डब्ल्यू. एस. व लापुआ यांची स्पर्धेची काडतुसे प्रसिद्ध आहेत. परंतु एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतील काडतुसेही एका नळीत सारखी चालत नाहीत. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली रायफल स्थिर बसवून निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे झाडून पाहतात व जिचे छिद्र सर्वांत दाट पडते ती निवडतात. नवशिक्याने मात्र या फंदात पडू नये. त्याचे गुण वाढतात ते बैठक, श्वास आणि चाप यांच्या सरावाने.

लहान शिकार : परदेशातील स्थिती

रिमफायर रायफलीचा दुसरा उपयोग परदेशात लहान शिकारीसाठी होतो. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातील एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून ससे आणून सोडले. त्यांची संतती खंडभर पसरली आणि शेती व कुरणे उद्ध्वस्त करू लागली. तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने ससा हा उपद्रवी प्राणी आहे. ब्रिटनमध्ये ससे व अमेरिकेहून आणलेली करडी खार, तर अमेरिकेत ससे व खारी यांच्यासाठी तेथील कायद्याच्या चौकटीत ही रायफल वापरली जाते.

तेथे निवडीचे निकष वेगळे होतात. पन्नास-साठ मीटरच्या आतील सशासाठी लाँग रायफल पुरते. तिचा आवाज कमी आणि मांसाची नासाडीही कमी. तथापि शिशाची मंद गोळी कठीण जमिनीवर वा पाण्यावर आपटून उसळते व भलतीकडे जाते. शंभर-सव्वाशे मीटरच्या उघड्या माळासाठी तेथील लोक पॉइंट सेव्हन्टीन पसंत करतात. तिची हलकी गोळी आघाताबरोबर फुटून जाते, त्यामुळे उसळण्याचा धोका कमी असतो. पण वाऱ्यात ती वाहवते आणि लहान प्राण्याचे मांस फाटून जाते. कोल्ह्यासारख्या थोड्या मोठ्या जनावरासाठी मॅग्नम घेतली जाते. प्राण्याला जखमी करून तळमळत सोडू नये, हा तेथील जबाबदार शिकाऱ्यांचा पहिला दंडक आहे. काडतुसाची निवडही याच दंडकाने होते.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

परदेशातील ही तुलना वाचून आपल्याकडील कोणी तिचा अवलंब करू पाहील, तर तो थेट गुन्ह्याच्या वाटेला लागेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात आरंभी लहान शिकारीचा परवाना हा एक स्वतंत्र प्रकार होता. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची ती सारी व्यवस्था रद्द झाली. जुन्या पिढीतील कित्येकांच्या स्मरणात परवान्याची शिकार अद्याप असेल, त्यामुळे "ससा मारला तर काय बिघडले?" हा प्रश्न आजही ऐकू येतो. त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. माळावरचा ससा असो की तितर, त्याची शिकार हा दंडनीय अपराध आहे. कारावास आणि दंड तर आहेच. शिवाय गुन्ह्यात वापरलेले शस्त्र सरकारजमा होते आणि न्यायालय शस्त्राचा परवाना रद्द करून पाच वर्षांपर्यंत नवा परवाना मिळण्यास अपात्र ठरवू शकते. एका रात्रीच्या हौसेपायी होतकरू नेमबाजाची सारी कारकीर्द मातीला मिळू शकते, हे तरुणांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

पिकांच्या नासाडीचा प्रश्न खरा आणि गंभीर आहे. रानडुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरून टाकला म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची जी तगमग होते ती समजण्यासारखी आहे. मात्र त्यावर पॉइंट टू-टू हा उपाय नव्हे. उभ्या पिकांना धोका देणाऱ्या प्राण्याबाबत अधिकृत वन अधिकारी कारणे नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. त्या आदेशावाचून कोणासही शस्त्र उचलता येत नाही. शिवाय अडीच ग्रॅमची मंद गोळी रानडुकरासारख्या दणकट जनावरास ठार करीत नाही, केवळ जखमी करते. आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी गवतात गेलेल्या बाईमाणसावर धावून जाते. पंचायत सदस्यांनी अशा वेळी पंचनामा वेळेवर करवून घेणे आणि नुकसानभरपाईचा अर्ज वन विभागाकडे मुदतीत पोहोचविणे, हीच शेतकऱ्याची खरी मदत होय.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाची भाषा या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. त्यातील कलम १३ मध्ये प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. पॉइंट टू-टू रायफलीचा उल्लेख मात्र मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या अथवा संघटनेच्या सदस्याने लक्ष्यभेदाच्या सरावासाठी वापरावयाचे शस्त्र असा आहे. म्हणजे या रायफलीचा हेतू कोणता, हे कायद्याने सहा दशकांपूर्वीच नमूद करून ठेवले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ दोनच अग्निशस्त्रे असावीत असे ठरले, तेव्हाही अशा सदस्यांच्या सरावाच्या रायफलीला ती मर्यादा लागू न करण्याची तरतूद कायम राहिली. खेळाला दिलेली ही सवलत आहे आणि तिची बूज खेळाडूंनीच राखावयाची आहे.

सुरक्षिततेची पथ्ये

लहान काडतूस म्हणजे निरुपद्रवी काडतूस, हा समज घातक आहे. लाँग रायफलच्या डब्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. मोकळ्या शिवारात झाडलेली गोळी दोन गावांमधील पाणंद ओलांडून पलीकडच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते. म्हणून गोळी अडविणारा मातीचा भक्कम बांध व तज्ज्ञाची देखरेख असलेल्या अधिकृत मैदानाखेरीज ही रायफल कोठेही झाडू नये. शाळेच्या मागचे पटांगण किंवा गावाबाहेरची खाण ही त्यासाठीची ठिकाणे नव्हेत.

दुसरे पथ्य काडतुसांच्या सरमिसळीचे. लाँग रायफल आणि मॅग्नम यांची गोळी जवळपास सारख्या व्यासाची असली तरी मॅग्नमची पुंगळी अधिक रुंद आहे. मॅग्नमच्या रायफलीत लाँग रायफलचे काडतूस सैल बसते, पुंगळी फाटते आणि तप्त वायू मागे उसळून डोळ्यास इजा होऊ शकते. नळीवर कोरलेले नाव आणि डब्यावरचे नाव अक्षरशः एक असल्याखेरीज काडतूस भरू नये.

तिसरे पथ्य शिशाचे. शिसे हे विषारी आहे. सरावानंतर हात-तोंड धुतल्याशिवाय खाणेपिणे करू नये, बंदिस्त मैदानात हवा खेळती असावी. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हे तर नित्याचेच.

मार्गदर्शन कसे करावे?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. मुलाला रायफल कोणती घ्यावी, असे विचारणाऱ्या पालकास शिक्षकाने सांगावे, की पहिल्या वर्षी कोणतीच घेऊ नये. आरंभ करावा तो दहा मीटरच्या हवाई रायफलीने, तोही जवळच्या क्लबच्या किंवा प्रबोधिनीच्या साहित्यावर. तिच्यात दारू नसते, ४.५ मिलिमीटरचा छर्रा दाबाखालील हवेने सुटतो. त्या प्रकारात दहा गुणांचे केंद्र अर्ध्या मिलिमीटरचे असते, म्हणजे शिस्तीची कसोटी तेथेही तितकीच कठोर आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या विद्यार्थ्यांना पॉइंट टू-टूचा पहिला परिचय शिबिरात होतो. ज्याच्यात गोडी आणि स्थैर्य दिसेल त्याला पुढे पाठवावे.

मूल या परीक्षेत टिकले आणि प्रशिक्षकाने पन्नास मीटर प्रकाराची शिफारस केली, म्हणजे मान्यताप्राप्त क्लबचे सदस्यत्व घ्यावे. सर्वसाधारणपणे एकवीस वर्षांखालील व्यक्तीस अग्निशस्त्र बाळगता येत नाही. प्रशिक्षणाच्या काळात विहित वयोमर्यादा व अटींच्या अधीन राहून वापर करण्याची मुभा मात्र अधिनियमात आहे. परवान्याचा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. शिफारशीसाठी आलेल्या अर्जावर सही करण्यापूर्वी सरपंचांनी क्लबच्या सदस्यत्वाची चौकशी अवश्य करावी. ज्या अर्जदारास क्लबचे नावही सांगता येत नाही, त्याचा हेतू सरावाचा नाही असे समजण्यास हरकत नाही. अर्जदार खरा खेळाडू असेल, तर मात्र कार्यालयांनी त्याचे प्रकरण महिनोन्महिने पडू देऊ नये. खेळाडूचे वय थांबत नाही, आणि स्पर्धांच्या तारखाही थांबत नाहीत.

रायफलीची किंमत मोठी असते आणि सामान्य शेतकरी कुटुंबासाठी ती वर्षांच्या कमाईची गोष्ट ठरते. घर गहाण टाकून चुकीचे शस्त्र घरात येऊ नये, आणि कोणाच्या सल्ल्याच्या अभावी गुणी मूल मैदानापासून वंचित राहू नये, ही दुहेरी जबाबदारी गावातील जाणत्यांवर आहे. वेगवान व बलवान काडतुसे ज्या देशांत ज्या कामासाठी निघाली तेथे ती शोभतात. महाराष्ट्रातील मुलामुलींसाठी पॉइंट टू-टू लाँग रायफल हे मंद, साधे आणि शिस्तप्रिय काडतूस हाच योग्य पर्याय आहे. त्याचे लक्ष्य पन्नास मीटरवरचे, १०.४ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आहे. ते वर्तुळ वेधण्याची जिद्द असलेल्यांना मैदान, मार्गदर्शन आणि वेळेवर परवाना मिळवून देणे हे काम आपणा सर्वांचे आहे.